मोठी मोटार, तीच विहीर

तालुक्याच्या डॉक्टरला रात्री साडेदहानंतर फोन आला की त्याची कारणं दोनच. कुणाला तरी पान लागलेलं, म्हणजे साप चावलेला असतो, नाहीतर कुणीतरी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर उभं राहून म्हणत असतं, "डॉक्टर, जरा ह्यांच्याशी बोलता का?"

२०२४ च्या दिवाळीनंतर आलेला असा एक फोन यातल्या दुसऱ्या जातीचा होता. माझ्याकडून वर्षानुवर्षं बीपी-शुगरच्या गोळ्या नेणाऱ्या एका आजोबांचा धाकटा मुलगा बोलत होता. वडील सत्तरी ओलांडलेले. अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्या बंद होत आलेल्या, वर डावीकडची मुख्य नळी, जिला सगळे 'लेफ्ट मेन' म्हणतात, तीही अरुंद. इकोमध्ये ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला बाहेर टाकतं त्या रक्ताचं प्रमाण, २५ टक्के. किडनी अर्धवट. बायपासच्या सर्जननी 'रिस्क फार आहे' म्हणून हात वर केलेले. मग अँजिओप्लास्टी ठरली. पण हृदय इतकं थकलेलं की ती करताना त्याला आधार लागणार. आधार दोन तऱ्हेचा आहे, असं त्यांना सांगितलं गेलं. एक जुना बलून, त्याचा खर्च पॅकेजमध्ये बसेल. दुसरा नवा पंप, 'इम्पेला'. त्याचे वेगळे पैसे, वीस लाखांच्या पुढे.

"पैशाचं आम्ही बघतो," तो म्हणाला. "दीड एकर काढतो. तुम्ही फक्त सांगा, कुठलं चांगलं?"

अशा माणसाला 'ते अवलंबून आहे' असं उत्तर देणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. मी अर्धा तास मागून घेतला. त्या अर्ध्या तासात जे डोक्यात होतं आणि पुढे वाचून जे पक्कं झालं, ते इथे मांडतोय. मी फिजिशियन आहे, अँजिओप्लास्टी करतात त्या कॅथलॅबमध्ये वायर माझ्या हातात कधी नव्हती. हे लक्षात ठेवून वाचा. माझं म्हणणं आधीच सांगतो. आधीपासून ठरवून केलेल्या जोखमीच्या अँजिओप्लास्टीसाठी एखाद्या कुटुंबाला जमीन विकून पंप घ्यायला सांगावं, एवढा पुरावा मला सापडला नाही. आणि तो नाही, ही गोष्ट त्या कुटुंबाला कुणी सांगत नाही, याला माझी हरकत पंपापेक्षा जास्त आहे.

आधार लागतोच कशाला, ते आधी. अँजिओप्लास्टीत अरुंद जागी फुगा फुगवतात, मग स्टेंट बसवतात. तेवढा वेळ पुढच्या स्नायूला रक्त जात नाही. धडधाकट हृदय ते सोसतं. पण ज्याचा डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातलं जेमतेम पाव हिस्सा रक्त बाहेर टाकतो आणि ज्याची धड वाहणारी शेवटची नळी आपण क्षणभर दाबून धरतोय, त्याचं प्रेशर पडतं. प्रेशर पडलं की हृदयाचा स्वतःचा पुरवठा घटतो, तो घटला की स्नायू आणखी ढिला पडतो, प्रेशर आणखी खाली. या भोवऱ्यातून माणसाला बाहेर काढायला वेळ फार थोडा मिळतो. त्यामुळे आधीच आधार देऊन ठेवावा ही कल्पना मुळीच खुळी नाही.

बलूनची आणि माझी ओळख नव्वदच्या दशकातली, रेसिडेन्सीतली. आयसीसीयूच्या, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाच्या, कोपऱ्यात ते लहान कपाटाएवढं मशीन, त्यात हेलियमचा छोटा सिलिंडर, आणि रात्रभर ठोक्यागणिक 'ठप्-फुस्स'. मांडीच्या धमनीतून एक लांबट फुगा छातीतल्या महाधमनीत नेऊन ठेवलेला. हृदय आकुंचन पावून सैलावलं की तो फुगतो, पुढच्या आकुंचनाच्या अगदी तोंडावर मिटतो. फुगतो तेव्हा रक्त हृदयाच्या रक्तवाहिन्यांकडे ढकललं जातं. मिटतो तेव्हा पुढची वाट मोकळी होते आणि हृदयाला जोर कमी लागतो. झोपाळ्याला मागून हात द्यावा तसं. वेळ साधली तर झोपाळा हलका जातो, चुकली तर हातच आडवा येतो. हेलियम एवढ्यासाठी, की तो बारीक नळीतून झरकन आत-बाहेर करतो. आम्हा रेसिडेंटांचं काम तासातासाला पायाची नाडी चाचपून कागदावर लिहिण्याचं. मांडीतल्या नळीने वाट अडून पाय गार पडला तर पहिली बोलणी आम्हालाच. सरांनी एकदा पहाटे चार वाजता येऊन माझ्या कागदावरचे आकडे आणि पेशंटचा पाय दोन्ही तपासले होते. तेव्हापासून मी कुठलीच नाडी अंदाजाने लिहिलेली नाही.

बलूनचं बळ मात्र थोडं. मिनिटाला अर्धा लिटर, फार तर एक लिटर जास्तीचं रक्त. तेही हृदय स्वतः ठोके देत असेल तर. ते थांबलं की झोपाळाच थांबला.

१९६२ मध्ये मुलोपुलोस, टोपाझ आणि कोल्फ यांनी या फुग्याची कल्पना छापली आणि १९६७ मध्ये ब्रुकलिनमध्ये ॲड्रियन कँट्रोविट्झ यांनी तो पहिल्यांदा माणसात वापरला. त्याच वर्षी डिसेंबरात याच माणसाने अमेरिकेतलं पहिलं हृदयरोपण केलं, एका तान्ह्या बाळावर. बाळ काही तासच जगलं. गाजावाजा रोपणाचा झाला, पण पुढची चाळीस वर्षं जगभरच्या आयसीसीयूत ठोके पडत राहिले ते फुग्याचे. आणि एवढा काळ तो वापरला गेला तो मुख्यतः 'शरीरशास्त्राला पटतं' या बळावर. हे वाक्य ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

पंपाची गोष्ट आपल्याकडच्या शेतकऱ्याला डॉक्टरपेक्षा लवकर कळेल. १९७६ मध्ये रिचर्ड वॉम्प्लर नावाचा अमेरिकन डॉक्टर इजिप्तमधल्या अल बायाद गावी गेला होता. तिथे लोक आर्किमिडीजच्या स्क्रूने, म्हणजे नळीत फिरणाऱ्या मळसूत्राने, पाणी वर चढवत होते. त्याच्या मनात आलं, हेच रक्ताला का जमू नये? त्यातून 'हेमोपंप' झाला आणि १९८८ मध्ये ह्यूस्टनला तो पहिल्यांदा पेशंटमध्ये वापरला गेला. त्या जातीचा पुढचा, सुधारलेला पंप जर्मनीत आखेनला घडला, तो इम्पेला. २००५ मध्ये तो अमेरिकेच्या एबिओमेड कंपनीकडे गेला आणि २०२२ च्या अखेरीस एबिओमेडच जॉन्सन अँड जॉन्सनने विकत घेतली, सुमारे १,६६० कोटी डॉलरना.

इम्पेला म्हणजे सरळ विहिरीत सोडलेली सबमर्सिबल. मांडीच्या धमनीतून वर नेऊन महाधमनीच्या झडपेतून आरपार घालायची. तिचं तोंड डाव्या कप्प्यात, शेपटाकडची खिडकी महाधमनीत. आतला पंखा मिनिटाला ४६ हजारांपर्यंत फेरे घेतो आणि कप्प्यातलं रक्त उपसून पुढे टाकतो, मिनिटाला साडेतीन लिटरच्याही वर. हृदय ठोके देवो न देवो. मोटारीत रक्त शिरून गोठू नये म्हणून उलट्या दिशेने ग्लुकोजचं पाणी सतत सोडत राहावं लागतं, बहुतेक वेळा हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घालून. आणि कप्प्यात पुरेसं रक्त नसेल तर सक्शनचा अलार्म वाजतो. विहीर आटल्यावर मोटार हवा ओढते, तसाच प्रकार.

आता कागदावर मांडा. अर्धा लिटर विरुद्ध साडेतीन लिटर. कुठलाही शहाणा माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवेल. कंपनीच्या चित्रफितीत हेच दाखवतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण पाच हॉर्सपॉवरच्या जागी साडेसातची मोटार बसवली म्हणून ऊस दीडपट येत नाही, हे ज्याने दोन्ही बसवून पाहिल्यात त्याला विचारा. पिकाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. इथे पीक म्हणजे माणूस जगला का, घरी गेला का, पाय शाबूत राहिला का, डायलिसिसवर गेला का.

तो हिशोब मांडायचे प्रयत्न झालेत. पहिला बलूनवर. ब्रिटनमध्ये बीसीआयएस-१ नावाच्या चाचणीत ३०१ पेशंट घेतले, सगळ्यांचा ईएफ ३० किंवा खाली, रक्तवाहिन्या वाईट. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आधीच बलून लावला, निम्म्यांना नाही. २०१० मध्ये निकाल आला: घरी जाईपर्यंत किंवा २८ दिवसांपर्यंत मोठा अनर्थ घडला तो बलूनवाल्यांत १५.२ टक्क्यांना, बिनबलूनवाल्यांत १६ टक्क्यांना. म्हणजे काहीच फरक नाही. चाळीस वर्षांचं 'पटतं' तिथे पडलं. पण दुसऱ्या गटातल्या जवळपास १२ टक्क्यांना टेबलावर अडचण आली म्हणून बलून ऐनवेळी लावावा लागला. दर आठ-नऊ जणांत एक. माझ्या मते त्या चाचणीतली सर्वांत कामाची ओळ हीच: सगळ्यांना आधीच लावू नका, पण मशीन खोलीत तयार ठेवा. पुढे सव्वाचार वर्षांच्या आसपास पाहिलं तर बलूनवाल्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाले. काही तासांच्या फुग्याने वर्षानुवर्षांचं आयुष्य कसं वाढलं याचा खुलासा मी वाचलेल्यांपैकी एकही मला पटलेला नाही. बलूनचे भक्त तो आकडा अजून खिशात घेऊन फिरतात.

दुसरी चाचणी थेट कुस्ती: इम्पेला विरुद्ध बलून. नाव प्रोटेक्ट-२, पैसा एबिओमेडचा, निकाल २०१२. साडेसहाशे पेशंट घ्यायचे ठरले होते. ४५२ वर थांबवली, कारण मधल्या तपासणीत 'पुढे नेऊन उपयोग दिसत नाही' असं ठरलं. ३० दिवसांत दुर्घटना इम्पेलात ३५.१ टक्के, बलूनमध्ये ४०.१. हा फरक योगायोगानेही येऊ शकतो इतका. ९० दिवसांना ४०.६ आणि ४९.३. इथे तफावत वाढली, तरी संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहिली. मग ज्यांना ठरल्याप्रमाणेच उपचार मिळाले तेवढेच पेशंट वेगळे काढून मोजले, तेव्हा ती उंबरठा ओलांडून गेली.

इथे जरा थांबतो, कारण भांडण सगळं याच जागेवर आहे. पंपाची बाजू घेणारे शेवटचा आकडा दाखवतात. शंकेखोर पहिला दाखवतात. ९० दिवसांचा हिशोब मागाहून घुसडलेला नव्हता, आधीच लिहिलेला होता, पण दुय्यम म्हणून. आणि इम्पेलाच्या गटात डॉक्टरांनी रोटेशनल ॲथरेक्टॉमी, म्हणजे हिऱ्याच्या कणांच्या बारीक ड्रिलने कॅल्शियम खरवडण्याचं काम, जास्त वेळा केलं. आधार भक्कम वाटला की हात सैल सुटतो. तो सुटलेला हात पेशंटच्या फायद्याचा की तोट्याचा, हे त्या चाचणीतून कुणालाच नीट वेगळं करता आलेलं नाही. माझा कौल असा: ज्या प्रश्नासाठी चाचणी आखली त्याचं उत्तर 'फरक सिद्ध झाला नाही' असं आलं. बाकीचे आकडे पुढच्या चाचणीचं बियाणं आहे, बाजारात आणायचा माल नव्हे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांच्या सरकारी नियंत्रकाने, मात्र २०१५ मध्ये ठरवून केलेल्या जोखमीच्या अँजिओप्लास्टीसाठी इम्पेलाला रीतसर मंजुरी दिली. आणि पंप खपू लागला.

मग आले मोठ्या रजिस्ट्रींचे, म्हणजे चिठ्ठ्या न टाकता नुसत्या जमवलेल्या नोंदींचे, अभ्यास. अमेरिकेतल्या ४८ हजारांहून जास्त आधार दिलेल्या अँजिओप्लास्टींचा एक ढीग तपासला गेला: इम्पेला वापरला तिथे मृत्यू, रक्तस्राव, पक्षाघात जास्त आणि खर्चही जास्त. हार्ट अटॅकनंतर 'शॉक'मध्ये गेलेल्या, म्हणजे हृदय लुळं पडून प्रेशर कोसळलेल्या, मिळत्याजुळत्या पेशंटच्या १,६८० जोड्या लावून पाहिल्या, तेव्हा हॉस्पिटलात मृत्यू इम्पेलाच्या बाजूला ४५ टक्के, बलूनच्या बाजूला ३४.१. हा दुसरा निबंध २०२० मध्ये आला तेव्हा मी तो आमच्या डॉक्टर संघटनेच्या, आयएमएच्या, शाखेत दाखवून मोठ्या तोऱ्यात बोललो होतो. 'महाग खेळणं' हा शब्दही वापरला होता.

तो मला गिळावा लागला. एप्रिल २०२४ मध्ये 'डेंजर शॉक' चाचणी छापून आली. नावातला 'डेंजर' म्हणजे डॅनिश-जर्मन. दहा वर्षं खपून डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ३५५ पेशंटचा हिशोब मांडला. सगळे मोठ्या अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यावर इम्पेला. १८० दिवसांत मृत्यू ५८.५ टक्क्यांवरून ४५.८ वर. दर आठ जणांना पंप लावला तर एक जास्तीचा जीव वाचतो, असा त्याचा अर्थ. शॉकमध्ये इतका स्पष्ट फायदा कुठल्याच यंत्राने दाखवलेला नव्हता. बलून २०१२ मध्येच सहाशे पेशंटच्या जर्मन चाचणीत निकामी ठरला होता, एक्मो हे शरीराबाहेरून रक्त फिरवणारं यंत्रही २०२३ मध्ये. किंमत मात्र मोजावी लागली: रक्तस्राव, पायाचा पुरवठा तुटणं अशा गुंतागुंती पंपवाल्यांत २४ टक्के, इतरांत ६.२. डायलिसिससारखा आधार ४१.९ टक्क्यांना, इतरांत २६.७. तरी शेवटी माणसं जास्त जगली. २०२५ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी निवडक पेशंटसाठी पंपाला जागा करून दिली, आणि ते बरोबरच झालं.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. एक, रजिस्ट्रीवर विसंबून कुणाला फासावर चढवू नये. सगळ्यात आजारी माणसालाच सगळ्यात मोठं मशीन लागतं आणि मग मृत्यू मशीनच्या नावावर चढतो. मी ज्या न्यायाने शॉकमध्ये चुकलो, त्याच न्यायाने ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीतलं पंपाविरुद्धचं रजिस्ट्रीचं म्हणणंही शेवटचं मानत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डेंजर शॉकचं यश घेऊन लोक लगेच ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीच्या दारात उभे राहिले. घर जळत असताना बंबाने घर वाचवलं, म्हणून रोज स्वयंपाक करताना अंगणात बंब उभा करायचा का? शॉकमधल्या माणसाचा मृत्यूचा धोका पन्नास-साठ टक्के. तिथे रक्तस्राव सोसून घेता येतो. आमच्या आजोबांचा धोका त्याच्या जवळपासही नव्हता. फायद्याला जागा थोडी, तोट्याला मात्र शॉकमध्ये असते तेवढीच.

तोट्याचंही थोडं जवळून बघू. बलूनची नळी आठ फ्रेंचची (नळ्यांच्या जाडीचं हे माप), म्हणजे पावणेतीन मिलिमीटरला थोडी कमी. इम्पेलाच्या 'सीपी' मॉडेलची मोटार १४ फ्रेंच, ४.७ मिलिमीटर. हा आकडा टेपवर पाहिला की काही वाटत नाही. पण बारीक चणीच्या, वीस वर्षं शुगर असलेल्या आपल्या आजीबाईच्या मांडीतली धमनी डोळ्यासमोर आणा, कॅल्शियमने पापुद्रे धरलेली. त्यातून ही नळी वर न्यायची आणि काम झाल्यावर ते भोक बुजवायचं. मार्च २०२४ मध्ये एफडीएने इम्पेलाबाबत गंभीर सूचना काढली: पंप आत सरकवताना किंवा हलवताना डाव्या कप्प्याला भोक पडण्याचा धोका, १२९ गंभीर दुखापतींच्या नोंदी, त्यात ४९ मृत्यू. पंप बाजारातून काढला नाही, वापराच्या सूचना कडक केल्या. निष्णात हातात हा धोका थोडाच असतो, मान्य. पण निष्णात हात म्हणजे वर्षाला कितीदा हे केलेला हात, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतं का?

पंपवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मला एका इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजिस्ट मित्राने सांगितला, आणि तो टाळून पुढे जाणं लबाडी होईल. तो म्हणतो, "अरे, चाचणीत कोण जातं? ज्याच्याबद्दल मला खात्री नाही तो. ज्याच्याबद्दल मला खरंच भीती वाटते, त्याला मी चिठ्ठी उचलायला लावेन का? तो चाचणीत येतच नाही. आणि तू मला त्याच चाचणीचे आकडे दाखवतोस." बरोबर आहे. असे पेशंट आहेत. एकच नळी चालू, ईएफ १५, झडपही गळती. तिथे त्याने पंप लावला तर मी गप्प बसेन. पण त्याच्या मुद्द्याला दुसरी धार आहे. 'माझा पेशंट चाचणीत बसत नाही' हे वाक्य एकदा मान्य केलं की प्रत्येकच पेशंट त्यात बसेनासा होतो. अपवाद म्हणून मागितलेलं मशीन वर्षभरात रिवाज होतं. बलूनचं चाळीस वर्षं हेच झालं होतं. ब्रिटनमध्ये सरकारी पैशाने चिप-बीसीआयएस३ आणि कंपनीच्या पैशाने प्रोटेक्ट-४ या चाचण्या त्या रात्री चालूच होत्या, नेमका हाच प्रश्न घेऊन. प्रश्न मिटलेला असता तर एवढा खटाटोप कुणी केला असता?

आणि एक प्रश्न या सगळ्याच्या आधीचा, जो फोनवर कुणीच विचारत नाही: अँजिओप्लास्टी करायचीच का? २०२२ मध्ये ब्रिटनच्याच 'रिव्हाइव्ह्ड' चाचणीत ७०० जण होते, ईएफ ३५ किंवा खाली, रक्तवाहिन्या भरपूर बंद. निम्म्यांना अँजिओप्लास्टी आणि औषधं, निम्म्यांना फक्त चोख औषधं. सुमारे साडेतीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने ॲडमिट होणं: ३७.२ टक्के आणि ३८. इथेही फरक नाही. त्या चाचणीत तीव्र छातीदुखीचे, नुकत्याच अटॅक आलेले पेशंट नव्हते, लेफ्ट मेनचेही थोडेच, त्यामुळे ती आमच्या आजोबांना जशीच्या तशी लागू होत नाही. पण दम लागतो म्हणून इको, इकोवरून अँजिओ, अँजिओवरून 'आता करूनच टाकू' या रस्त्याने आलेल्या कितीतरी जणांना ती लागू होते. त्यांच्याबाबत पंप कुठला हा वाद म्हणजे लग्न ठरलेलं नसताना वाजंत्री कुठली आणायची याचा वाद.

आता पैसा. अमेरिकेत या पंपाची किंमत २५ हजार डॉलरच्या घरात आहे, आणि ती बहुधा मेडिकेअर हा सरकारी विमा किंवा विमा कंपनी भरते. तिथे पंप अनाठायी वापरला गेला तर भार सगळ्या विमेदारांवर थोडा थोडा पडतो. आपल्याकडे तो एका सातबाऱ्यावर पडतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. एक पंप त्याच्या चौपट. म्हणून पुराव्याची पट्टी आपल्याकडे जास्त कडक हवी. 'नुकसान तर नाही ना?' हा युक्तिवाद वीस लाखांच्या वस्तूला लागू पडत नाही. दीड एकर जाणं हे नुकसानच आहे. ते केस पेपरवर लिहीत नाहीत इतकंच.

यावर 'स्टेंटसारखी किंमत बांधा' असं कुणीतरी म्हणणारच. फेब्रुवारी २०१७ मध्ये एनपीपीएने, म्हणजे केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने, औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, लाख-सव्वा लाखाचा स्टेंट एका रात्रीत आवाक्यात आला, आणि ते झालं म्हणून माझे कितीतरी पेशंट आज कर्जाशिवाय जगताहेत. पण स्टेंटचा उपयोग वादातीत होता, बनवणारे डझनभर होते. इथे बनवणारा व्यवहारात एकच आहे आणि उपयोगच वादात आहे. अशा वस्तूची किंमत निम्मी केली तर अनाठायी वापर दुप्पट होण्याची शक्यता मला जास्त दिसते.

मला हवं ते साधं आहे, त्यामुळे कदाचित होणार नाही. जे हॉस्पिटल ठरवून करायच्या अँजिओप्लास्टीसाठी घरच्यांना पंप घ्यायला सांगतं, त्याने एका पानावर, मराठीत, तीन-चार ओळी लिहून द्याव्यात: तुमच्या रुग्णासारख्यांत या पंपाने जीव वाचतात असं सिद्ध झालंय की नाही, आमच्याकडे आजवर किती लावले, त्यातले किती घरी गेले, आणि बलून किंवा काहीच न लावता करता येईल का. सल्ला देणाऱ्या डॉक्टरखेरीज दुसऱ्या एका कार्डिओलॉजिस्टची आणि सर्जनची सही त्याखाली असावी. राज्याने त्यावर एक नोंदवही ठेवावी, पंपवाल्यांची आणि बिनपंपवाल्यांचीही. सरकारी पैशातून पंप द्यायचाच असेल तर शॉकसाठी द्या, चोवीस तास टीम असलेल्या मोजक्या केंद्रांत. खरं तर तिथेही माझा आधीचा हट्ट वेगळा आहे. डेन्मार्कचा पेशंट वेळेत कॅथलॅबला पोचतो म्हणून पंपाला काम उरतं. आमच्याकडे छातीत दुखायला लागल्यापासून माणूस आधी गॅसची गोळी घेतो, मग जीपने माझ्याकडे येतो, मग १०८ ची वाट पाहतो. ग्रामीण रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि ईसीजी वाचणारा माणूस रात्री दोन वाजता असणं, यावर खर्च केलेला रुपया शॉकच व्हायचा टाळतो.

अर्ध्या तासाने मी फोन लावला. मी बोलायच्या आधीच त्याने तो प्रश्न टाकला, ज्याला सगळे डॉक्टर घाबरतात. "डॉक्टर, तुमचे वडील असते तर काय केलं असतं?"

मी म्हणालो, लेफ्ट मेन आहे आणि बसल्या जागी दुखतंय, तेव्हा अँजिओप्लास्टी केली असती. एका बैठकीत सगळं करायचा आग्रह धरला नसता. बलून तयार ठेवायला सांगितला असता, लागला तरच लावायला. जमीन विकली नसती. आणि उद्या सकाळी राउंडला साहेब आले की त्यांना तीन गोष्टी विचार, रागाने नको, हात जोडूनही नको, नीट विचार. तुम्ही हा पंप किती जणांना लावलाय? त्यातले किती चालत घरी गेले? आणि असेच पेशंट पंपाशिवाय किती केलेत, त्यांचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी लेफ्ट मेन आणि पुढची एक नळी झाली. बलून बाजूला उभा होता, लागला नाही. आजोबा पाचव्या दिवशी घरी आले. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि उलटं घडलं असतं तरी झालं नसतं, फक्त गावात माझं तोंड दाखवणं अवघड झालं असतं. मुलगा महिन्याने गोळ्या न्यायला आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले साहेब?

"चांगले बोलले की. खुर्ची ओढून बसले. पहिली दोन उत्तरं लगेच दिली, आकड्यासकट."

"आणि तिसरं?"

"त्याची नोंद ठेवत नाही म्हणाले."